मुगेसीचा शाप

वासेमेने वान्कुरुच्या पोटरीला तोंड घातलं तेव्हा मुगेसी अंगणात नाचणी पाखडत होती. सूप टाकून ती धावली. कुत्रा भुंकला नव्हता, गुरगुरलाही नव्हता. शेजारच्या वेरेमाची ती पोर चाळणी परत द्यायला आली होती, नेहमीसारखी काटेरी कुंपणाच्या फटीतून वाकून आत शिरली होती, आणि वासेमेने सरळ जाऊन दात रोवले. रोज तिच्याच हातून उगालीचे, शिजवलेल्या घट्ट पिठाचे, गोळे खाणारा कुत्रा!

मुगेसीने त्याच्या पेकाटात काठी घातली. तो सुटला, दोन पावलं मागे सरला आणि कुणाला चावलो हे त्याचं त्यालाच ठाऊक नसल्यासारखा उभा राहिला. मुगेसीने त्याला गोठ्याच्या खांबाला बांधलं आणि पोरीला ओढत पाण्याच्या पिंपापाशी नेलं.

"रोबी, साबण आण! कपड्यांचा, कसला पण!"

दर वर्षी कुत्र्यांना सुया टोचायला जो माणूस यायचा, तो शाळेच्या मैदानात भोंग्यातून घसा फोडून सांगायचा: कुत्रा चावला की आधी साबण आणि पाणी, भरपूर वेळ, राख नको, पाला नको, शेण तर नकोच नको. आणि कुत्र्याला मारू नका, बांधून ठेवा. दहा दिवस धड राहिला तर ज्याला चावला त्याला भीती नाही. बायका त्याच्या भोंग्याला हसायच्या. मुगेसीही हसायची, पण तिच्या डोक्यात ते राहिलं होतं.

"आजी, झोंबतंय!"

"झोंबू दे. रडायचं तेवढं रड, पण पाय हलवू नकोस."

"आई, पुरे आता," रोबी म्हणाली. "कातडी निघेल तिची."

"तू पाणी ओत. मला शिकवू नकोस."

तेवढ्यात वेरेमा आला. कुणीतरी त्याला शेतात जाऊन सांगितलं होतं, आणि हातातल्या कोयत्यासकट तो धावत आला होता. "कुठाय तो हरामखोर?" असं ओरडतच तो गोठ्याकडे गेला, आणि तिथे पोचल्यावर त्याचे खांदे खाली आले. वासेमेच्या गळ्यात निळी पट्टी होती.

"हात्तिच्या! पट्टी आहे की याला. सुई टोचलेला आहे." त्याने कोयता कुंपणाला टेकवला आणि पोरीच्या डोक्यावर टपली मारली. "मला वाटलं, आता शहरात धावावं लागतंय. मावशी, तुझ्या कुत्र्याला माझ्या घरचं मटण हवं होतं तर सरळ मागायचं ना!"

रोबी हसली. वान्कुरुसुद्धा रडता रडता हसली. मुगेसीने तोंड उघडलं. आता सांगायला हवं, हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"एक कोंबडी घेऊन जा. पोरीला रस्सा कर."

खोटं बोलायला तोंड उघडावंच लागतं असं थोडंच आहे? गप्प राहिलं तरी भागतं.

ती पट्टी वासेमेची नव्हती. मुगेसीच्या घरी दोन कुत्रे. तुलिया ही म्हातारी कुत्री, दिवसभर चुलीपाशी पडून असायची. वासेमे पिवळा, आडदांड, अंगावर हात ठेवू न देणारा. सुया टोचायच्या दिवशी तुलिया दोरीला धरून शेळीसारखी मागे आली, सुई घेतली आणि गळ्यात निळी पट्टी बांधून घरी आली. वासेमेने दोरी दातांनी तोडली आणि संध्याकाळपर्यंत तोंड दाखवलं नाही. मग टेकडीपलीकडच्या गावात एक माणूस पिसाळून मेला, आणि सरकारी माणसं बंदुका घेऊन फिरू लागली. पट्टी नसलेला कुत्रा दिसला की गोळी. रोबी सुया टोचायच्या आधीपासून माहेरी होती. मुगेसीने तुलियाच्या गळ्यातली पट्टी सोडली आणि वासेमे जेवत असताना त्याच्या गळ्यात अडकवली. म्हातारी कुत्री घरात राहील, तिला कोण बघतंय, असा साधा हिशेब होता. रोबीने परत आल्यावर तुलियाच्या पट्टीचं विचारलं, तर सांगितलं, पडली कुठेतरी.

आणि वासेमेला वाचवायला कारणही तसंच होतं. मुगेसीच्या घरात पुरुष नव्हता. तिची कूस कधी उजवली नाही. नवरा गेला, तेव्हा तिने रीतीप्रमाणे गाई मोजून रोबीला बायको म्हणून घरात आणली. रोबीला होतील ती पोरं, जन्म देणारा पुरुष कुणीही असो, मुगेसीच्या घराण्याची, तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या नावाची. अशी घरं गावात आणखीही होती, रीत जुनीच. पण मुगेसी तोंडाची तिखट, तिला लोक जास्त बोलायचे. म्हणून तिने कुत्र्याचं नाव ठेवलं वासेमे, म्हणजे 'बोलू देत'. इथे कुत्र्याला नाव देतात तेच मुळी शेजाऱ्यांना ऐकवायला. रोज संध्याकाळी अंगणात उभी राहून ती हाक मारायची, "वासेमेऽऽ", आणि ज्याला समजायचं त्याला समजायचं. गुरं चोरणाऱ्यांनी अर्ध्या गावाचे गोठे रिकामे केले, मुगेसीचा नाही. या घरातला पुरुष म्हणजे वासेमे, असं रोबी चेष्टेने म्हणायची. पुढे केहेंगू झाला. तीन वर्षांचा तो पोरगा आजीच्या लुगड्याला धरून दिवसभर तिच्या मागे असायचा.

चोराच्या मनात चांदणं. त्या दिवसापासून मुगेसीचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. तिने स्वतःची समजूत घातली, की दहा दिवस तर काढायचेत. कुत्रा धड राहिला की झालं. पट्टी कुणाची होती ते कुणाला कळायचं कारण नाही, पोरीला धोका नाही आणि आपलं तोंडही काळं होणार नाही. तिने गुरं बांधायचा जाड दोर आणला. सकाळ-संध्याकाळ स्वतः वाडगं लांबून काठीने ढकलायची. केहेंगूला गोठ्याकडे फिरकू द्यायची नाही. कुंपणापलीकडे वान्कुरु लंगडत खेळताना दिसली की विचारायची, "ठणकतंय का गं?" पोर म्हणायची, "नाही आजी, आता खाजतं फक्त."

पहिले काही दिवस वासेमे जेवला. मग त्याने उगालीला तोंड लावणं सोडलं. रागावला असेल, मुगेसीने स्वतःला सांगितलं. बांधल्यावर कुठला कुत्रा खूश असतो? मग त्याने दुधाच्या वाडग्यात तोंड घातलं, जीभ हलवली आणि दूध तसंच्या तसं राहिलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहू लागला. मुगेसीने त्याला हाक मारली तेव्हा त्याने मान वळवली, पण तिच्याकडे बघितलं नाही. तिच्या पलीकडे कुठेतरी बघितलं. उद्या सांगू, ती म्हणाली. आजचा दिवस बघू आणि उद्या वेरेमाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी खांबाला दोराचा कुरतडलेला तुकडा तेवढा होता.

मग मुगेसी सुटली ती सुटलीच. आधी नदीकाठ, मग मक्याची शेतं, मग टेकडीखालचे खडक. पायात चपला नव्हत्या, डोक्याला फडकं नव्हतं. भेटेल त्याला विचारत होती, "माझा कुत्रा दिसला का?" गुराखी हसले. "पट्टीवाला ना? येईल घरी. नवरा शोधत असल्यासारखी काय फिरतेस, आजी!" एरवी तिने चार शिव्या हासडल्या असत्या. आज तिने त्यांना हात जोडले. दिसला तर मारू नका, म्हणाली, मला सांगा फक्त, जवळ जाऊ नका.

दुपारी थकून ती परत आली, तर वेरेमा तिच्याच अंगणात आंब्याखाली बसला होता. चेहऱ्यावर उपकार केल्याचं समाधान.

"मावशी, उगाच पायपीट केलीस. तुझं काम मी हलकं केलं."

"म्हणजे?"

"सकाळी माझ्या शेळ्यांत शिरला होता. चावरा कुत्रा, एकदा रक्ताची चव लागली की सुटत नाही. तुझ्याच्याने मारवला नसता, हे काय मला कळत नाही? भाल्याने एका फटक्यात गेला. नदीत टाकला. मगरींनी तेवढ्यात ओढून पण नेला."

मुगेसीने त्याच्यासमोर बसून विचारलं, "भुंकला का? तुझ्यावर आला का?"

"भुंकतोय कसला! नुसता उभा. तोंडातून लाळ गळत होती दोरीसारखी. मागचे पाय फरफटत होते. तहानला होता बहुतेक, पाण्याच्या डबक्यापाशी गेला आणि नुसताच थरथरत मागे सरला." तो तिच्याकडे बघून मऊ झाला. "मावशी, रडू नकोस गं. माझ्या कुत्रीला पिल्लं होणार आहेत. त्यातलं चांगलं निवडून तुला देतो."

तिने त्याचे दोन्ही हात धरले. "वेरेमा, बाळा, ऐक. ती पट्टी त्याची नव्हती."

आणि तिने सगळं सांगितलं. बंदुकवाली माणसं, तुलिया, जेवतानाचा कुत्रा, काही लपवून ठेवलं नाही. सांगताना तिला वाटलं, आता हा मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. वेरेमा ऐकता ऐकता हसू लागला, मग हसायचा थांबला, मग त्याने हात सोडवून घेतले.

"कुत्रा मारला म्हणून एवढं?"

"कुत्रा चुलीत जाऊ दे! पोरीला शहरात घेऊन जा. आज. आत्ता."

"पट्टी मी माझ्या डोळ्यांनी बघितली. त्या दिवशी एक शब्द बोलली नाहीस. आज कुत्रा मेला आणि पट्टी खोटी झाली? मला शहरात पळवायचं, बैल विकायला लावायचा, असा सूड उगवतेस होय?"

"बैल माझा विक! सगळा खर्च माझा!"

हे बोलायला नको होतं. वेरेमाच्या डोळ्यांत पहिल्यांदा संशय आला. फुकट बैल कोण देतं? ज्याने काही केलंय तोच देतो.

एव्हाना वान्कुरुची आई कुंपणाशी येऊन उभी राहिली होती. तिला बघून मुगेसीचा उरलासुरला धीर सुटला. ती ओरडली, "बाई, तू तरी ऐक! सुया नाही दिल्या तर तुझी पोर मरेल! पाण्याला भिऊन मरेल. घोटभर पाणी उतरणार नाही घशाखाली, तोंडाला फेस येऊन मरेल!"

रोबीने केहेंगूला उचलून छातीशी धरलं.

पांढऱ्या केसांच्या बाईने, तेही कूस न उजवलेल्या बाईने, दुसऱ्याच्या लेकराचं मरण असं तोंडाने उच्चारलं, की ती सूचना राहत नाही. तो शाप होतो. हे मुगेसीला ठाऊक नव्हतं का? गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण आग लागल्यावर ओरडणारा शब्द निवडून ओरडत नाही.

वान्कुरुच्या आईने किंकाळी फोडली आणि पोरीला पदराखाली घेऊन घरात पळाली. वेरेमाने मागोमाग जाऊन आतून दार लावून घेतलं.

मुगेसी तशीच गावच्या दवाखान्याकडे धावली. दाराला कुलूप. तिथला नर्स आईच्या मयतीला गेला होता, पुढच्या आठवड्यात येणार होता. ती परत वेरेमाच्या अंगणात आली. वान्कुरु नेमकी शेळीला पाला घालायला बाहेर आली होती. मुगेसीने तिचा हात धरला. "चल बाळा, आजीबरोबर चल, मोटरसायकलवर बसायचंय." पोर दोन पावलं आलीही. इतक्या वर्षांची सवय. आजी चल म्हणाली की चालायचं. मागून आईचा आवाज आला, "सोड तिला! चेटकीण! पोरगी पळवतेय हो!" आणि चारी बाजूंनी माणसं धावली. कुणीतरी मुगेसीचा दंड पिरगाळला, कुणीतरी पाठीत गुद्दा घातला. तिला अंजिराच्या मोठ्या झाडाखाली नेऊन बसवलं, जिथे गावचे तंटे सुटतात तिथे.

न्यामहांगा हा गावातला सगळ्यात म्हातारा. त्याला कमी दिसायचं, पण ऐकू चांगलं यायचं, आणि त्याचा शब्द खाली पडत नसे. त्याने मुगेसीला बोलू दिलं. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पट्टीचं, दुधाचं, लाळेचं. लोक कुजबुजले. एकजण म्हणाला, "सुईवाल्याला विचारा." दुसरा म्हणाला, "तो पुढच्या वर्षी यायचा."

"पट्टीचं राहू दे," न्यामहांगा म्हणाला. "पट्टी कुणीही कुणालाही बांधेल. पोरीच्या मरणाचं तू बोललीस का?"

"बोलले. पण ते..."

"बोललीस ना?"

"हो बाबा. बोलले."

"मग परत घे. भांडण तेवढंच आहे. मुगेसी, तू या गावची सून. तुझ्या नवऱ्याबरोबर मी गुरं राखलीत. तुझं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. दुधाचा घोट घे, तो पोरीच्या छातीवर फुंकून टाक म्हणजे शाप उतरला, आणि जा घरी."

वाळल्या भोपळ्याच्या भांड्यातून दूध आणलं. वान्कुरुला पुढे उभं केलं, फ्रॉकची बटणं सोडली. पोर घाबरलेली होती, पण आजीकडेच बघत होती. छातीच्या फासळ्या दिसत होत्या, आणि खाली पोटरीवरचा खरवडलेला डाग भरत आला होता. वरून कातडी कशी छान धरत होती! मुगेसीने घोट घेतला.

तोंडात दूध घेऊन ती उभी राहिली. एक फुंकर, की सगळे घरी जातील. रोबी चूल पेटवेल, केहेंगू पायाशी येईल, उद्या वेरेमा कुत्रीचं पिल्लू घेऊन येईल. लोक विसरतील. आणि पोरगी काही आठवड्यांनी, एखाद्या सकाळी, पाण्याचा पेला बघून किंचाळेल. ती तर पाणी पिते तेव्हा दोन्ही हातांनी पेला धरते, अजून. खरं बोलून झालं, हात जोडून झालं, बैल देऊ करून झाला. मी खरं बोलले त्याला कवडीची किंमत आली नाही, आणि गप्प राहिले ते मात्र सगळ्यांनी खरं मानलं. देवा, मग यांना कळेल असं बोलू तरी काय?

आणि तिला कळलं, काय बोलायचं.

तिने दूध गिळलं.

माणसं एक पाऊल मागे सरली. दूध गिळणं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

"नाही निघत," मुगेसी म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "हा शाप दुधाने निघणारा नाही. हो, मीच दिला. पट्टीचं सगळं खोटं. वेरेमाने माझा कुत्रा मारला, म्हणून दिला."

"मावशी!" वेरेमा पुढे आला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर तिला सोसला असता. "तुझ्या घरचं पाणी भरलंय माझ्या पोरीने. आजी म्हणते ती तुला."

"म्हणून तर लागला," ती म्हणाली.

न्यामहांगाने काठी जमिनीवर आपटली. "ज्याने गाठ मारली त्यालाच ती सोडता येते. सांग कशी सुटेल. सांग, नाहीतर या पोरांना मी थांबवणार नाही."

कडेला उभ्या असलेल्या तरुणांच्या हातात दगड होते. कधी उचलले कुणास ठाऊक.

"शाप कुत्र्याच्या दातातून रक्तात गेलाय," मुगेसी म्हणाली, आणि एकेक शब्द नीट, सावकाश, भोंग्यातल्या त्या माणसासारखा बोलली. "तो लोखंडानेच निघेल. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, आज दिवस मावळायच्या आत. तिथे सांगायचं, कुत्रा चावला, पिसाळलेला होता, मेला. पट्टीचं नाव काढायचं नाही. काढलं तर शाप तिथेच पक्का बसेल. ते जखमेपाशी टोचतील, दंडात टोचतील. पोर रडेल, टोचू द्यायचं. मग ते सांगतील त्या त्या दिवशी पुन्हा न्यायचं. पाऊस असो, पेरणी असो. एक सुई चुकली तर मी दिलेला शाप परत फिरला म्हणून समजा. शेवटची टोचली, की सुटली."

"आणि खर्च?"

"माझा काळा बैल घ्या."

आता मात्र बैलाचं कुणाला नवल वाटलं नाही. शाप देणारीने भरायचंच असतं. दोन जण तिथूनच गोठ्याकडे निघाले.

मोटरसायकलवाला आला. पुढे तो, मध्ये वान्कुरु, मागे वेरेमा. आईने पोरीला स्वतःची ओढणी गुंडाळली. मुगेसीला वाटलं, जाताना पोर एकदा बघेल. पोरीने बघितलं. मग बापाच्या काखेत तोंड लपवलं, आणि मोटरसायकल धूळ उडवत उतार उतरून गेली.

"शेवटची सुई होईपर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही," न्यामहांगा म्हणाला. "हिला काही झालं तर गाठ तशीच राहील. तोवर हिच्या चुलीचा विस्तव कुणी घ्यायचा नाही, हिच्याबरोबर विहिरीवर कुणी जायचं नाही. पुढचं पुढे बघू." पुढचं म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं. दगड कुणी टाकून दिले नाहीत. नुसते हात खाली घेतले.

मुगेसी घरी आली. गोठ्यातून काळ्या बैलाला नेलं होतं. तुलिया उंबऱ्यात पडली होती. आत रोबी मक्याच्या पिठाचं गाठोडं बांधत होती. केहेंगूचे दोन सदरे, पाण्याचा डबा, उशाची चादर. तिचे हात चालत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"आई," ती म्हणाली, पाठमोरीच. "एकदाच विचारते. झाडाखाली आधी जे बोललीस ते खरं, की नंतर बोललीस ते?"

मुगेसीने भिंतीला हात टेकला. सांगावं, अगदी जिभेवर आलं. या पोरीला नाही सांगायचं तर कुणाला? ही माझी बायको, माझी लेक, माझं घर. पण रोबी आणि वान्कुरुची आई एका उखळात मका कांडायच्या. एकीच्या पोटातलं दुसरीच्या कानात जायला एक दळण पुरत असे. रोबीला खरं कळलं, तर आज ना उद्या कुंपणापलीकडे ते जाणारच. शाप नव्हताच, म्हातारी भ्रमली होती, असं वेरेमाला कळलं, की तो दुसऱ्या सुईला कशाला जाईल? त्याच्या हातात पेरणीची कामं होती. पहिली सुई एकटी पुरत नाही. भोंग्यातला माणूस हे दर वर्षी सांगायचा.

"नंतरचं खरं," मुगेसी म्हणाली.

रोबी वळली. एवढ्या वर्षांत तिने मुगेसीकडे असं कधी बघितलं नव्हतं.

"केहेंगूबद्दल काही बोलली नाहीस ना कधी? रागात, मनात?"

"नाही."

"शपथ घे."

"घेते. माझ्या नवऱ्याच्या मातीची शपथ."

रोबीने पोराला पाठीवर घेतलं आणि फडक्याने घट्ट बांधलं. गाठोडं डोक्यावर ठेवलं. दारातून जाताना ती थांबली. "मग आता त्याच्याकडे बघू नकोस," ती म्हणाली. विनवत होती, धमकावत नव्हती. "मी तुझ्या पाया पडते, आई. आम्ही कुंपणाबाहेर जाईपर्यंत तोंड तिकडे कर."

मुगेसीने भिंतीकडे तोंड केलं. मागे अंगणात पावलं वाजली. कुंपणाचं काटेरी फाटक ओढल्याचा आवाज आला. केहेंगूला वाटलं असावं, आजीने लपाछपी मांडली. तो आईच्या पाठीवरून हसत ओरडला, "आजी, दिसलीस! आजी! इकडे बघ ना!"

तिने बघितलं नाही. तो दिसेनासा झाला असेल असं वाटल्यावरही नाही.